अडीच इंचांची चूक

मी पंचवीस वर्षं लोकांना जेवायला बसवलं आणि मला आजही साधा वरण-भात लावता येत नाही. माझा धंदा जेवणाच्या टेबलांचा आणि खुर्च्यांचा. नाशकात कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत लहानसं दुकान होतं आणि सातपूरला पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना. कारखाना म्हणजे चार कारागीर, एक रंधा मशीन आणि डोक्यापासून चपलेपर्यंत भुसा. घरी गेलो की बायको, सुनंदा, मला दारातच झटकायची आणि मगच आत घ्यायची. दुकान बंद करून आता बरीच वर्षं झाली, पण कुणाकडे गेलो की माझी नजर अजून यजमानांच्या चेहऱ्याआधी खुर्चीच्या पायांकडे जाते.

नव्वद सालानंतरची दहा-बारा वर्षं आमच्या धंद्याचा बहर होता. सातपूर-अंबडला नोकऱ्या होत्या, द्राक्षाला आणि कांद्याला अधूनमधून बरा भाव मिळत होता, गंगापूर रोडला बंगले उठत होते. नव्या घरात सोफा आधी यायचा, मग शोकेस, मग फ्रिज. डायनिंग टेबल सगळ्यात शेवटी, आणि तेही संकोचत. पाटावर मांडी घालून जेवणारी माणसं ही. त्यांना टेबल हवं असायचं, पण त्यावर जेवायचंच असं काही त्यांनी ठरवलेलं नसायचं. मी केलेल्या टेबलांवर मी कपड्यांना इस्त्री होताना पाहिली आहे, शेवया वाळताना पाहिल्या आहेत. एका घरी तर टेबलावर टीव्ही होता आणि सगळं कुटुंब खाली बसून, माना वर करून जेवत होतं. टेबल हलत नव्हतं, एवढं बघून घेतलं.

सजावटीची हौस मात्र दांडगी. टेबलावर लोंबता दिवा हवा, बाजूला काचेचं कपाट हवं, आणि मधोमध फळांची परडी हवी. मखमलाबादच्या एका बागाईतदाराच्या जेवणघरातून त्यांची सगळी द्राक्षबाग दिसायची. त्यांनी परडीत ठेवायला मुंबईहून प्लॅस्टिकची द्राक्षं आणवली होती. मी म्हटलं, "अण्णा, खरी ठेवा की, दारात बाग आहे तुमच्या."

"खरी लय बघितली," अण्णा म्हणाले. "ह्यांना फवारा मारावा लागत नाय."



मला धंदा कुणी शिकवला म्हणाल तर अशाच गिऱ्हाइकांनी. सुरुवातीच्या काळात पंचवटीतले एक निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. हातात कापडी पिशवी. मला वाटलं बाजार करून आले असतील. त्यांनी पिशवीतून घरचं स्टीलचं ताट काढलं, दोन वाट्या काढल्या, तांब्या-भांडं काढलं, आणि दुकानातल्या एका टेबलावर पान मांडून समोर बसले. मग उठून दुसऱ्या टेबलावर मांडलं. असं पाच टेबलांवर. शेवटी माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही सहा जणांचं म्हणून जे विकताय ना, त्यावर चारच माणसं जेवतील. उरलेल्या दोघांनी ताट मांडीवर घ्यायचं का?"

त्यांचं बरोबर होतं. मी मापं घेतली होती परदेशी पुस्तकातली. त्या लोकांच्या बशा लहान आणि पदार्थ मधल्या भांड्यात. आपलं ताट म्हणजे त्यात भाजी, कोशिंबीर, चटणी, मीठ, लिंबू, पोळ्यांची घडी, वर दोन वाट्या आणि डाव्या हाताला पाण्याचं भांडं. माणशी दोन फूट कड लागतेच लागते. मास्तरांनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी दुकानातल्या शोभेच्या चिनी मातीच्या बशा काढून टाकल्या आणि भांडीबाजारातून सहा ताटं आणून टेबलावर मांडली. दोन महिन्यांनी मास्तर परत आले, ताटं बघितली, आणि घासाघीस न करता टेबल घेऊन गेले.

काचेच्या टेबलाची एक लाट आली होती, तेव्हाचा किस्सा तर आमच्या घरी अजून निघतो. कॉलेज रोडच्याच एका इंजिनिअरच्या बायकोनं मोठ्या हौसेनं जाड काचेचं टेबल करून घेतलं. आठ दिवसांत तिचा फोन. गेलो. लेक-जावई जेवून गेल्यापासून सासूबाई हॉलमध्ये गाल फुगवून बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच, "ताटात बघावं तर ताटाखाली जावयाचे पाय दिसतात. माझ्यानं घास गिळवत नाही." मी काचेला खालून दुधी कागद लावून दिला, तरी त्यांना पाय तिथं आहेत हे आता माहीत झालं होतं. शेवटी त्या सुंदर काचेवर कायमचा फुलाफुलांचा रेक्झिनचा टेबलक्लॉथ पसरला गेला. सुनेनं तो अंथरताना माझ्याकडे असं बघितलं, की मी चहाला थांबलो नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, ती कळली नाही तर पुढचं कळणार नाही. खुर्ची घेताना लोक तिची पाठ बघतात. पाठीवरची नक्षी, पाठीची उंची, पॉलिशची चकाकी. पण खुर्ची चांगली की वाईट हे ठरतं बैठकीच्या उंचीवर. टाच जमिनीवर टेकलेली असताना जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच बैठक उंच हवी. जास्त झाली तर पाय लोंबकळतात, मांडीखालची कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात. बैठकीपासून टेबलाच्या वरच्या फळीपर्यंत मग एक फूट. म्हणून बाजारात खुर्ची अठरा इंचांची असते आणि टेबल तीस. माझा सगळ्यात जुना कारागीर रामलाल, मूळचा राजस्थानचा, नेहमी म्हणायचा, "सेठ, बाकी सब भूल जाओ, बारा इंच मत भूलो."

मी याच्या एक पाऊल पुढे गेलो होतो आणि त्याचा मला फार अभिमान होता. मोठी ऑर्डर असली की मी गिऱ्हाइकाच्या घरी एक मापाचं स्टूल घेऊन जायचो. साधं लाकडी स्टूल, आणि त्यावर ठेवायला अर्ध्या अर्ध्या इंचाच्या प्लायच्या फळ्या. घरातल्या माणसांना एकेक करून बसवायचं, फळ्या कमी-जास्त करायच्या आणि वहीत नावापुढे माप लिहायचं. लोक हसायचे. "शिंप्यासारखं काय माप घेताय?" म्हणायचे. मी म्हणायचो, "शर्ट ढिला झाला तर चालतो, खुर्ची ढिली झालेली चालत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा टाकलं आहे की सुनंदा ते माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आत पुरं करायची.

तर अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला नामपूरहून बोलावणं आलं. बागलाणातलं मोठं गाव, कांद्याचा बाजार. तिथल्या एका शेतकऱ्यानं मळ्यात नवा बंगला बांधला होता. त्यांना सगळे बापू म्हणायचे. सहा फूट उंच, पांढरा शर्ट, आवाज असा की जेवणघरात बोलले तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. दोन मुलगे, दोघंही बापावर गेलेले, ताडमाड. बापूंना आठ खुर्च्यांचं टेबल हवं होतं. अस्सल सागवान, पंचक्रोशीत नसेल असं.

मी स्टूल काढलं. बापू बसले, मग दोघं मुलगे बसले. मी वही पुढे करून विचारलं, "घरातल्या बायकांची मापं?"

स्वयंपाकघराच्या दारात बापूंची बायको उभी होती. घरात तिला जिजी म्हणत. बुटकीशी, अंगानं बारीक, डोक्यावरून पदर. तिच्यामागे थोरली सून, कल्पना. माझा प्रश्न ऐकल्याबरोबर दोघी आत गेल्या.

"बाया कुठं बसणार टेबलावर?" बापू हसले. "त्या मागून जेवतात, आत. तुम्ही आमची तिघांची घ्या आणि मोकळे व्हा."

आणि मी मोकळा झालो. खरं सांगतो, मला त्यात काही खटकलंसुद्धा नाही. परक्या पुरुषापुढे, सासऱ्यादेखत, कुठली सून स्टुलावर बसून गुडघ्याचं माप देणार होती? मलाही परतीची घाई होती. तिघांच्या मापाची सरासरी काढली, साडेअठरा इंचांच्या आठ खुर्च्या केल्या, त्या बेतानं टेबल साडेतीस. टेम्पो नामपूरच्या चौकात थांबला तेव्हा माणसं बघायला जमली. बापूंनी मला पेढे दिले. माझ्या हातून झालेल्या कामांत ते सगळ्यात देखणं काम होतं.

तीन वर्षांनी बापूंचा फोन आला. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, पाहुणे येणार, टेबल-खुर्च्यांना नवं पॉलिश हवं होतं. मी आणि रामलाल सामान घेऊन सकाळीच निघालो आणि अकराच्या सुमाराला पोचलो. बापूंनी आधी जेवायला बसवलं. बापू, मी, रामलाल. वाढायला कल्पना. जेवता जेवता माझं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. जिजी ओट्यापाशी उभी राहून जेवत होती. डावा हात ओट्याच्या कडेला घट्ट धरलेला, उजव्या हातानं घास. मला वाटलं, घाईत असतील.

बापू बाजारात गेले आणि आम्ही कामाला लागलो. खुर्च्या उलट्या करून बघत होतो, तेव्हा कल्पना जवळ आली. बापू नव्हते म्हणून बोलली असावी. म्हणाली, "काका, या चार खुर्च्यांना पॉलिश नका करू. यांच्यावर कोणी बसलंच नाही."

"का बरं?"

मग तिनं सांगितलं. जिजीचे गुडघे दोन वर्षांपूर्वी गेले. मालेगावच्या डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खुर्चीवर बसून जेवायचं. तेव्हापासून खाली बसता येईना, आणि खुर्चीवर जिजी बसेना. दोन वर्षं ती दोन्ही वेळचं जेवण उभ्यानं जेवत होती. बापू रोज चिडायचे. एवढं डॉक्टरनं सांगितलं, एवढं टेबल घरात आहे, आणि ही हट्टीपणा करते. पाहुण्यारावळ्यांपुढे चेष्टा व्हायची, जिजीला खुर्ची चावते म्हणून. "आता तर," कल्पना म्हणाली, "निम्मीपण राहिली नाही ती. बघताय ना तुम्ही?"

मी बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. तीन वर्षांपूर्वी बारीक होती ती बाई, आता चोळीच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या.

मी जिजीला म्हटलं, "जिजी, जरा या खुर्चीवर बसून दाखवता का? मला काम बघायचंय." आधी नको नको म्हणाली. कल्पनानं हात धरून आणलं, तशी बसली. तिचे पाय जमिनीच्या वर तीन बोटं लोंबत राहिले. मग ती सरकत सरकत खुर्चीच्या पुढच्या काठावर आली, तेव्हा कुठं अंगठे टेकले. पाठीला आधार नाही, सगळा भार त्या दोन अंगठ्यांवर आणि दुखऱ्या गुडघ्यांवर. मिनिटभरात तिचा चेहरा बदलला.

"पाय सुन्न पडतस," ती हळूच म्हणाली. घरात ते लोक अहिराणीच बोलत.

"मग हे कुणाला सांगितलं का नाही जिजी?"

"काय सांगू भाऊ? इतली भारी खुर्ची. सगळा त्यावर बठतस. मनाच पाय आखूड."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई दोन वर्षं स्वतःच्या पायांना दोष देत उभी होती, आणि दोष माझ्या वहीत होता. जिचं माप घ्यायचं तिचं सोडून मी तिघा पुरुषांची घेतली होती. आणि गावोगाव फिरून शिंप्याचं वाक्य टाकत होतो!

पहिला उपाय सुचला तो सोपा. कोपऱ्यात एक शिसवी पाट उभा होता, तो आणून मी तिच्या पायांखाली सरकवला. जिजीनं चटका बसल्यासारखे पाय वर घेतले. "पाटले पाय लावू का मी? पाटवर लगीन लागस!" मी कान धरले. मग रामलालनं खोक्याची फळी कापून अर्ध्या तासात ठोकळ्यासारखी एक पायरी ठोकून दिली. तिच्यावर पाय ठेवून जिजी छान बसली. पण उठताना एक पाय पायरीवर, एक जमिनीवर, गुडघ्यात जोर नाही. तोल गेला. कल्पनानं धरलं म्हणून बरं, नाहीतर लग्नघरात मी त्या माऊलीचं हाड मोडून ठेवलं असतं. पायरी मी स्वतः उचलून अंगणात टाकली.

राहिली खुर्ची कापणं. एका खुर्चीचे पाय खडूनं खूण करून बघितले. पण खुर्ची अडीच इंच खाली गेली की टेबल तेवढंच वर जाणार, ताट हनुवटीला लागणार, ती बाई पोरासारखी दिसणार. रामलालनं टेबलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सेठ, बारा इंच," तो म्हणाला. "टेबल भी उतारना पड़ेगा."

आणि टेबल उतरवलं की आठही खुर्च्या उतरवायच्या. तेवढ्यात बापू आणि दोघं मुलगे परतले.

मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे टेबलाचं आणि सगळ्या खुर्च्यांचं. सांगताना माझा आवाज बारीक झाला होता, कारण बापूंचं गिऱ्हाईक म्हणून वजन मोठं होतं. त्या भागातली निम्मी कामं त्यांच्या एका शब्दावर माझ्याकडे यायची.

"कापायचं?" बापू म्हणाले. "सागवानी टेबल कापायचं? पंधरा दिवसांवर लग्न आलंय! लोक बघायला येतात हे टेबल. आणि आम्ही तिघांनी काय गुडघे तोंडात घालून जेवायचं? हिच्या एकटीच्या पायी?" मग जिजीकडे वळून, "तू बठ ना नीट! कोन नही म्हनस तुले?"

जिजीनं पदर पुढे ओढला.

माझ्या मनात आलं, पॉलिश करावं आणि निघावं. घरचा मामला आहे. पण ती लोंबणारी पावलं मला दिसत होती. मी म्हणालो, "बापू, तुमच्या टेबलात काही खोट नाही. माझ्या मापात खोट आहे. मी तिघांची मापं घेऊन आठ खुर्च्या केल्या. जिजी हट्टी नाहीत, त्यांचे पायच टेकत नाहीत. उंच माणसाला खुर्ची ठेंगणी झाली तर तो पाय पुढे पसरू शकतो. बुटक्या माणसानं काय करायचं? त्याला पाय काही लांब करता येत नाहीत."

बापू म्हणाले, "मापं घेऊ नका, असं मीच तर म्हणालो होतो."

"मी ऐकायला नको होतं," मी म्हटलं.

मुलगे बापाकडे बघत होते. आणि मग नवऱ्यादेखत परक्या माणसाशी कधी शब्द न बोललेली जिजी, पदराआडूनच, पण अगदी स्पष्ट मला म्हणाली, "भाऊ, करवत आनेल शे ना?"

"आणलीय."

"मंग कापी टाक."

बापू ताडकन उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. मी रामलालला खूण केली. आम्ही टेबल आडवं केलं, चारही पायांना अडीच इंचांवर चिकटपट्टी गुंडाळली, रेघ मारली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात देखण्या कामाला मीच करवत लावली. सागाचा तो वास सगळ्या घरभर पसरला. पहिला पाय कापून झाला आणि रामलालनं दुसऱ्याला हात घातला, तेव्हा टेबल हलायला लागलं. कोणीतरी पलीकडून ते घट्ट धरलं. बघतो तर बापू. गुडघ्यावर बसून, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरून. "सरळ काप," ते रामलालवर खेकसले. "नंतर डुगडुगायला नको."

टेबलाचे चार आणि खुर्च्यांचे बत्तीस. सगळे पाय कापून, तळ घासून, रबरी बूच बसवून उभे करेपर्यंत ऊन कलायला लागलं. पॉलिशला चार दिवसांनी परत यायचं ठरलं; आम्हाला नाशिक गाठायचं होतं, म्हणून बापूंनी जेवणं लवकरच मांडायला सांगितली. मी जिजीला बसायला सांगितलं. बसली. टाचा जमिनीवर टेकल्या. ती एकदा खाली बघून पाठीला टेकली आणि तिनं असा श्वास सोडला, की आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. बापू समोरच्या खुर्चीवर बसले, पाय पसरून. सून त्या दिवशी बसली नाही, खोटं कशाला सांगू? ती वाढत होती.

जिजीनं अर्धी भाकरी खाल्ली, चमचाभर भाजी, आणि हात थांबवला. बापू तिच्या ताटाकडे बघत होते. चाळीस वर्षांचा संसार, पण ते आधी जेवायचे आणि ती मागून, आत. बायको जेवताना त्यांनी बहुधा पहिल्यांदाच बघितली होती.

"इतलंच जेवस तू?" त्यांनी विचारलं. तो दांडगा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"उभ्या उभ्या इतलंच जास," जिजी म्हणाली. "सवय पडनी."

बापूंनी आपल्या ताटातली भाकरी उचलली, मोडली आणि अर्धी तिच्या ताटात ठेवली. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "हिले आमटी वाढ." जिजीनं ती अर्धी भाकरी सगळी खाल्ली, सावकाश, घासागणिक पाणी न पिता. माझ्या ताटातलं मला त्या दिवशी काही दिसत नव्हतं.

त्यानंतर मी माप घ्यायची पद्धत बदलली. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला आधी बसवायचं, आणि टेबल त्याच्या मापाचं करायचं. बायका माझ्यापुढे बसायच्या नाहीत, म्हणून स्टूल आणि टेप घेऊन सुनंदा माझ्याबरोबर यायला लागली. ती आत जायची, दार लोटून घ्यायची, आणि अर्ध्या तासानं बाहेर यायची ती मापांच्या यादीबरोबर त्या घराची सगळी हकीकत घेऊन. धंदा वाढला तो त्यामुळे. आता बाजारात सगळ्या खुर्च्या एकाच उंचीच्या येतात, खोक्यातून, आणि लोक फोटो बघून घेतात. कुणी कुणाला बसवून बघत नाही. असो.

पण हे सगळं नंतरचं. नामपूरहून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी चहाला बसलो होतो. आमच्या घरचं टेबल मीच केलेलं, लग्नानंतर सातव्या वर्षी, माझ्या मापानं. सुनंदा समोर बसून मेथी निवडत होती. मी तिला आदल्या दिवशीची गोष्ट सांगत होतो, आणि सांगता सांगता वाकून टेबलाखाली बघितलं. तिचे दोन्ही पाय खुर्चीच्या पुढच्या आडव्या पट्टीवर होते. बाकी सगळी खुर्ची आरशासारखी चकचकीत, आणि ती पट्टी मधोमध घासून पांढरी पडलेली. त्या पट्टीला मी आजवर दोनदा पॉलिश केलं होतं, आणि दोन्ही वेळा तिला बजावलं होतं, की पाय खाली ठेवून बसत जा.